०४४ आणि एमएस ४४०: कुठला पार्ट कुठे चालतो?

प्रश्न: नमस्कार. माझ्याकडे स्टिल (Stihl) कंपनीचं जुनं ०४४ चेनसॉ आहे, पिस्टन सीझ झालाय. ओळखीतल्या एकाकडे एमएस ४४० पडून आहे, त्याचा क्रँककेस फुटलाय पण पिस्टन-सिलिंडर एकदम चांगला आहे. दोन्ही मशीन एकच आहेत असं सगळे म्हणतात, मग त्याचा पिस्टन माझ्या मशीनला टाकला तर चालेल ना? आणि बाकी काय काय काढून घेऊ?

उत्तर: एकच आहेत हे बरंचसं खरंय. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३६ मिमी, म्हणजे दोन्ही ७०.७ सीसी, आणि २००० च्या आसपास कंपनीने मॉडेलची नावं बदलली तेव्हा ०४४ चं एमएस ४४० झालं. पण तुम्हाला जो पार्ट हवाय नेमका तिथेच घोळ आहे. सुरुवातीच्या ०४४ ला गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) १० मिमीची होती, नंतरच्या ०४४ ला आणि ४४० ला १२ मिमीची. तुमचं मशीन जुन्यातलं असेल तर ४४० चा पिस्टन तुमच्या कनेक्टिंग रॉडवर बसणारच नाही, आणि रॉड तेवढा बदलू म्हणाल तर तो क्रँकमधे प्रेस केलेला असतो, वेगळा निघत नाही.

त्यामुळे आधी सिलिंडर खोला, पिन बाहेर काढा आणि व्हर्नियर लावून तिची जाडी मोजा. कव्हरवरच्या नावावर किंवा सिरीयल नंबरवर जाऊ नका, इतक्या जुन्या मशीनमधे कुणी कधी क्रँक बदललाय काय माहीत. १२ निघाली तर पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही जोडीनेच उचला, एकमेकांत बसलेले आहेत ते. बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, नाहीतर रिंगचं टोक पोर्टमधे (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकून नवीन सिलिंडर पण जाईल. पिनचे लॉक (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या क्लिपा) मात्र जुने परत वापरू नका. १० निघाली तर १० मिमी पिनचा पिस्टन घ्या, आणि तुमचा सिलिंडर लगेच फेकू नका. बऱ्याचदा सिलिंडरवर जे ओरखडे दिसतात ते पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं, ते साफ केलं की खालचं कोटिंग शाबूत निघतं. नख फिरवून बघा, कोटिंगच उखडलं असेल तर मग इलाज नाही.

आता बाकीचं. मागचं हँडल आणि पेट्रोलची टाकी हा एकच प्लास्टिकचा भाग आहे, तो घेता येतो. पण ४४० ला बिना हत्याराचं फ्लिप झाकण असेल तर झाकण टाकीबरोबरच घ्या, जुन्या आट्यांच्या टाकीवर ते बसत नाही. ऑइलचं झाकण तसं नाही घेता येणार कारण ऑइलची टाकी क्रँककेसमधेच ओतलेली असते. मॅग्नेट (चुंबकाचं फ्लायव्हील) आणि स्पार्कची कॉइल घ्यायची तर दोन्ही त्याच मशीनची घ्या, एक इकडचं एक तिकडचं करू नका. चेन टाइट करायचा स्क्रू समोर आहे की बाजूला ते बघून मगच चेनचं कव्हर घ्या. ४४० च्या सिलिंडरवर डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (स्टार्ट करताना दाब कमी करणारं बटण) असेल आणि तुमच्या वरच्या कव्हरला त्याचं भोक नसेल तर कव्हर पण लागेल, किंवा व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग लावा.

आणि एक, पिस्टन सीझ का झाला ते शोधल्याशिवाय नवीन टाकू नका. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबर बूट चिरला असेल, किंवा क्रँकचं सील गेलं असेल तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि दुसरा पिस्टन पण त्याच मार्गाने जातो.

प्रश्न: ४४० चे पार्ट ४४१ ला चालतात का? त्याचा पण बोअर ५० च आहे.

उत्तर: नाही. बोअर-स्ट्रोक तोच असला तरी ४४१ चं डिझाइनच वेगळं आहे, पिस्टनला बाजूने हवेच्या खिडक्या आहेत, व्हायब्रेशनसाठी रबरऐवजी स्प्रिंग आहेत. स्टिलच्या पार्ट नंबरचे पहिले चार आकडे बघायची सवय लावा, ते मशीनची सिरीज सांगतात. ०४४, ०४६, एमएस ४४०, एमएस ४६० सगळे ११२८, आणि ४४१ चे ११३८. पण सिरीज एक म्हणजे सगळं बसेलच असं नाही हं, ०४६ पण ११२८ च आहे आणि त्याचा बोअर ५२ मिमी आहे.

प्रश्न: ०४४ च्या कार्बोरेटरचं डायफ्राम किट मागवलं, बसत नाहीये.

उत्तर: किट मशीनच्या नावाने मागवू नका. याच मशीनवर वॉल्ब्रो कंपनीचा कार्बोरेटर पण आलाय आणि झामाचा पण, दोघांचे डायफ्राम (आतले पातळ पडदे) वेगळे. कार्बोरेटर काढून पुसा, बॉडीवर कोरलेला नंबर दिसेल, तो सांगून किट घ्या.