सगळ्यांचं मन कळतं, मग माझंच का बिनसतं?

"मला माणूस लगेच कळतो हो. घरात कुणाचं काय बिनसलंय ते न सांगता ओळखते. मग मीच का अशी खचत चाललेय?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. थोरल्या मुली, थोरल्या सुना, शाळेतल्या बाई, वॉर्डातल्या सिस्टर, कधी आईवडिलांच्या भांडणात मध्यस्थी करत वाढलेला एखादा मुलगा. या सगळ्यांना आयुष्यभर 'समजूतदार' अशी शाबासकी मिळालेली असते. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. भावनिक बुद्धिमत्ता, म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून त्या हाताळण्याची क्षमता, चांगली असली की माणूस सुखी राहतो, असं जिकडेतिकडे ऐकायला मिळतं. मग यांना वाटतं, आपल्याकडे ती आहे आणि तरीही आपण रडतोय, म्हणजे खोट आपल्यातच असणार.

या प्रश्नाचं उत्तर मला एका बाईंच्या अनुभवातून द्यावंसं वाटतं. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. आपण त्यांना सुनंदाताई म्हणू.

वय चाळिशीच्या अलीकडे. तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. नणंद चार गल्ल्या पलीकडे. डोकेदुखी, पित्त आणि पहाटे तीनला येणारी जाग अशा तक्रारींवरून फॅमिली डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर सगळं तपासून झालेलं होतं आणि त्यात काही निघालं नव्हतं. हे आधी झालेलं असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. रक्त कमी असेल किंवा थायरॉईड मंदावलेलं असेल तरी माणूस असाच मरगळतो, आणि तिथे नुसत्या बोलण्याने भागत नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. संस्थेत कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं आणि त्यात भावनिक बुद्धिमत्तेची प्रश्नावली भरून घेतली होती. सगळ्यांत जास्त गुण सुनंदाताईंना. "मॅडम, टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. आणि मी त्याच संध्याकाळी मोरीत नळ सोडून रडत होते."

संस्थेत तेव्हा काही ठेवी अडकल्या होत्या. मुदत संपलेल्या पावत्या घेऊन लोक यायचे. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन. पिग्मीत रोजचे पन्नास-शंभर टाकून पैसे जमवलेली भाजीवाली मावशी काउंटरवर हात आपटायची. निर्णय संचालकांचे, शिव्या काउंटरला. सुनंदाताई पाणी द्यायच्या, ऐकून घ्यायच्या, समजूत काढायच्या. घरी आल्यावर सासूबाईंचा चेहरा, नवऱ्याचा मूड, मुलीचं टेन्शन, नणंदेचा फोन. कुणीही कपाळाला आठी घातली की यांनी ती पाहिलेली असायची आणि उपायही सुरू केलेला असायचा. पगार मिळवण्यासाठी चेहऱ्यावर ठरावीक भावना वागवावी लागणं हेही श्रमच आहेत, असं आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून मांडलं. सुनंदाताईंना तेच काम घरी दुसऱ्या पाळीत करावं लागत होतं.

मी नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू प्रश्नावली भरून घेतली. सत्तावीसपैकी तेरा. म्हणजे मध्यम लक्षणं, दुर्लक्ष करण्यासारखी नव्हेत. त्यातला शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल असतो. तो मी नेहमी तोंडानेही विचारते, सरळ शब्दांत. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं.

मग दुसऱ्या भेटीत एक गोष्ट समोर आली, आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं राहिलं.

मी विचारलं, "नणंद तुमच्या स्वयंपाकाबद्दल पाहुण्यांसमोर बोलल्या तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्या घरी सध्या खूप ताण आहे."

"तुम्हाला काय वाटलं?"

"आईंना अवघडल्यासारखं झालं असणार."

"आणि तुम्हाला?"

बराच वेळ गेला. "कसंतरी झालं."

इतरांच्या मनाचं वर्णन करताना या बाईंकडे शब्दांची कमतरता नव्हती. सासूबाई रुसल्या आहेत की दमल्या आहेत की दुखावल्या आहेत, हा फरक त्या आवाजावरून सांगायच्या. स्वतःसाठी मात्र एकच शब्द होता, 'कसंतरी'.

भावनिक बुद्धिमत्ता ही कल्पना पीटर सालोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये शोधनिबंधातून मांडली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घराघरांत आणि कचेऱ्यांत पोहोचली. १९९७ मध्ये मेयर आणि सालोव्हे यांनी तिचे चार भाग सांगितले: भावना ओळखणं, विचाराला भावनेची मदत घेणं, भावना कशी उपजते आणि कशी पालटते हे समजणं, आणि भावना हाताळणं. चारही भाग स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या, दोघांच्याही भावनांना लागू आहेत. एखाद्या माणसात पहिला भाग भरभक्कम असू शकतो, तोही फक्त इतरांच्या बाबतीत, आणि चौथा अगदी लुळा. एका दिवसाच्या प्रशिक्षणातला एकच आकडा हे दाखवू शकत नाही. अशा आकड्यांवरून लोकांना टाळ्या मिळतात याची मला चिंता वाटते, कारण ज्याला मदत हवी तोच माणूस 'आपल्याला तर सगळं येतं' असं समजून थांबतो.

संशोधनातही हे दिसलं आहे. भावनिक बुद्धिमत्ता आणि मानसिक स्वास्थ्य यांचा एकूण संबंध चांगलाच आहे. ती जास्त असलेली माणसं सरासरीने जास्त समाधानी असतात. पण सुटे भाग पाहिले की चित्र बदलतं. जोसेफ चिआरोची आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताण वाढल्यावर, भावना टिपण्यात तरबेज असलेल्यांमध्ये उदासी आणि हताशपणा इतरांपेक्षा जास्त आढळला. आपल्या भावनांकडे सतत लक्ष असतं पण त्या नेमक्या कोणत्या हे उमगत नाही आणि त्यातून बाहेरही पडता येत नाही, अशा लोकांचंही तेच होतं. ते एकाच विचारात घोळत राहतात. दार सताड उघडं आणि आतून कडीच नाही, अशी ही अवस्था. सुनंदाताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी बिघडलेली नाही?" नाही. त्यांना जे येत होतं ते खरंच येत होतं. जे कुणी शिकवलंच नव्हतं ते राहून गेलं होतं.

इतकी तीक्ष्ण नजर आली कुठून, हेही शोधलं. वडील पिऊन यायचे. गेटची कडी कशी वाजते यावरून आजची रात्र कशी जाणार ते आठ-नऊ वर्षांच्या सुनंदाला कळायचं, आणि धाकट्या भावाला ती आधीच शेजारी पाठवायची. सेथ पोलॅक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सहकाऱ्यासह केलेल्या प्रयोगात, मार खाल्लेल्या मुलांनी अस्पष्ट चित्रातला रागीट चेहरा इतर मुलांच्या आधी ओळखला होता. सुनंदाताईंचं कौतुक होत आलं ते याच कौशल्याचं. ते एका भेदरलेल्या मुलीने जीव वाचवायला कमावलं होतं, हे त्यांना प्रथमच कुणीतरी सांगत होतं. त्या दिवशी आम्ही दुसरं काही केलं नाही.

पुढचं काम साधं होतं, पण सोपं नव्हतं. एक वही केली. पानाच्या डाव्या बाजूला 'त्यांना काय वाटलं', उजवीकडे 'मला काय वाटलं'. उजवीकडे 'कसंतरी' लिहायला बंदी. पहिले काही दिवस डावी बाजू भरभरून आणि उजवी कोरी आली. मग हळूहळू शब्द उतरू लागले: वैताग, धास्ती, अपमान, रुखरुख, हेवासुद्धा. हेवा लिहिताना त्यांना लाज वाटली, तर मी म्हटलं, तीही लिहा. भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोर थोडा ओसरतो. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात, चित्रातल्या चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगताना मेंदूतल्या अमिग्डला या, धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली होती. जादू नव्हे, थोडी उसंत मिळते एवढंच, आणि पुष्कळदा तेवढी उसंत पुरते.

वहीतून एक वाक्य परत परत वर येऊ लागलं: घरात कुणी नाराज असता कामा नये, आणि असेल तर ते मीच निस्तरलं पाहिजे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जी कि. मो. फडके यांनी मराठीतून आपल्यापर्यंत पोहोचवली, ती अशा 'च' लावलेल्या मागण्यांनाच हात घालते. मी विचारलं, "सासूबाई तासभर नाराज राहिल्या तर नेमकं काय होईल?" उत्तर पटकन आलं नाही. मग आम्ही ते करून पाहायचं ठरवलं. सासूबाई गप्प दिसल्या तरी एक संध्याकाळ 'आई, काय झालं?' असं विचारायचं नाही. आपलं जेवायचं, आवरायचं, झोपायचं. सुनंदाताईंनी सांगितलं की छातीत धडधडत होतं, दोनदा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन परत गेल्या. सकाळी सासूबाई आपणहून म्हणाल्या, "काल गुडघा फार ठणकत होता गं." नाराजीचा सुनेशी काही संबंधच नव्हता. दर वेळी असं होणार नाही, कधी सासूबाई खरंच चिडलेल्या असतील, हेही आम्ही बोललो. त्यांची चीड ही त्यांची. ती जिरवायला त्या समर्थ आहेत.

काउंटरसाठी एक वाक्य बसवून घेतलं: "तुमचा राग रास्त आहे. पैसे कधी मिळतील हे सांगायचा अधिकार मला नाही. लेखी अर्ज द्या, मी आत्ता पोच देते." ऐकायचं, हातात असेल ते करायचं, नसेल ते नसल्याचं सांगायचं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसायचं. संस्थेची परिस्थिती यातून बदलणार नव्हती आणि ती बदलण्याचं ओझं कर्मचाऱ्याच्या मनोबलावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ठेवी अडकल्या असतील तर प्रशिक्षण कुणाला द्यायला हवं, हा वेगळा प्रश्न आहे.

एकदा नवऱ्याला बोलावलं. चांगला माणूस, गोंधळून गेलेला. "ही कधी काही बोललीच नाही मॅडम. मला वाटायचं हिला चालतंय." सुनंदाताई म्हणाल्या, "तुम्हाला कळायला हवं होतं." ज्यांना दुसऱ्याचं न सांगता कळतं त्यांची ही एक हमखास अपेक्षा असते आणि ती त्यांना फार एकटं पाडते. तिथेच, माझ्यासमोर, त्यांनी पहिल्यांदा मागून पाहिलं: रविवारी सकाळी आईंना दवाखान्यात तुम्ही न्या. तो "हो" म्हणाला. इतकंच. पण त्यांना रडू फुटलं.

मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याची सहा अंगं मांडली: स्वतःचा स्वीकार, जिव्हाळ्याची नाती, स्वतःच्या मतानं वागता येणं, रोजचं जगणं सांभाळता येणं, जगण्याला हेतू असणं आणि आपण वाढतो आहोत ही जाणीव. ही यादी मी सुनंदाताईंपुढे ठेवली तेव्हा नाती आणि हेतू यांच्यावर त्यांनी लगेच बरोबरची खूण केली. 'स्वतःच्या मतानं' इथे त्यांचं बोट थांबलं. "शेवटचं स्वतःच्या मतानं काय केलं ते आठवत नाही," म्हणाल्या. तिथून पुढचे काही महिने तेच आमचं काम होतं: भाजी कुठली करायची इथपासून भिशीत राहायचं की नाही इथपर्यंत.

तुम्हाला यात तुमचं काही दिसत असेल तर कोरं उजवं पान घेऊन आठवडाभर लिहून पाहा. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना, समुपदेशकाला भेटा. लक्षणं जास्त असतील तर मनोविकारतज्ज्ञांचं औषध लागू शकतं आणि ते घेण्यात कमीपणा नाही. मरणाचे विचार येत असतील तर थांबूच नका. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

सुनंदाताईंचे पीएचक्यूचे गुण तेरावरून पाचवर आले. डोकं अजून अधूनमधून दुखतं. मुलीवर ओरडल्यावर त्या आता तासाभरात जाऊन 'माझं चुकलं, राग दुसऱ्याचा होता' म्हणतात. नणंद मात्र बिनसली आहे, कारण तिच्या रोजच्या तासभराच्या फोनला त्यांनी "आठवड्यातून दोनदा बोलू" असं सांगितलं. शेवटच्या भेटीत मी विचारलं, याचं काय वाटतं? त्यांनी नणंदेच्या घरच्या ताणाबद्दल सांगायला सुरुवात केली, मग थांबल्या. "मला वाईट वाटतं," म्हणाल्या, "आणि थोडं हलकंही वाटतं. दोन्ही."