सौरॉन विरुद्ध सारुमान : डोकी मोजू नका, कोठार बघा

तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि जुना रागही वर आला. नेरूळच्या तुमच्या वाचनकट्ट्यावर टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीवरून 'सौरॉन विरुद्ध सारुमान, कोण भारी?' अशी चर्चा आहे, जिथे बघावं तिथे सैन्याचा वेगळाच आकडा सापडतो, आणि तुम्हाला 'नक्की आकडा' हवाय. याच नक्की आकड्यापायी माझा एक अख्खा लेख मातीत गेला, म्हणून एवढं लांबण लावतोय. कोण कुठल्या बाजूचा, अंगठीची भानगड काय, हे तुम्हाला पाठच असणार, ते सोडतो. एवढंच लक्षात असू द्या : सौरॉन हा मॉर्डोरचा काळा सत्ताधीश, तर सारुमान हा आयझेनगार्डच्या गढीतला फितूर जादूगार.

आधी ते सुप्रसिद्ध दहा हजार. सारुमानची फौज दहा हजार, असं जो तो छातीठोकपणे सांगतो. पुस्तकात हा आकडा येतो मेरी या हॉबिटच्या (बुटक्या माणसांसारखी जमात) तोंडून. फौज आयझेनगार्डच्या फाटकातून बाहेर पडायला तासभर लागला, आणि 'निदान दहा हजार तरी असतील' असा अंदाज रात्री लपून बघणाऱ्या एका हॉबिटने बांधला. शिरगणती नव्हे ती. शिवाय त्यात ऑर्क (राक्षसी शिपाई) होते तशी माणसंही होती. २००२ च्या सिनेमात सगळेच्या सगळे उरुक-हाय (ऑर्कांतली दणकट जात) झाले, आणि आता लोक तेच पुस्तकाचं म्हणून सांगतात.

सौरॉनची एकूण बेरीज तर पुस्तकात कुठेच नाही. पेलेनॉरच्या लढाईत, १५ मार्चला, त्याच्या बाजूचे नुसते हाराद्रिमच (दक्षिणेकडची माणसं) त्याच्याविरुद्ध आलेल्या रोहन राज्याच्या स्वारांच्या तिप्पट होते. स्वार सहा हजार, म्हणजे हे अठराएक हजार झाले. बाकीचे वेगळे. आणि सौरॉनच्या मिनास मॉर्गुल या किल्ल्यातून निघालेलं ते भयंकर सैन्य मॉर्डोरच्या सैन्यांतलं सर्वांत मोठं नव्हतं, असं पुस्तकातच लिहिलंय. एवढा मार खाल्ल्यावर दहाच दिवसांत, २५ मार्चला, मॉर्डोरच्या काळ्या फाटकापाशी, सौरॉनविरुद्ध निघालेल्या पश्चिमेच्या सैन्याला दहापटीहून जास्त फौज घेरते. पश्चिमेचे लोक निघतानाच जेमतेम सात हजार होते, वाटेत आणखी घटले. तरी हिशोब करा.

माझं म्हणणं असं की खरा प्रश्न इथून सुरू होतो. एवढी तोंडं खात काय होती? मॉर्डोर म्हणजे नुसती राख आणि ज्वालामुखी नाही. दक्षिणेला नुर्नेन सरोवराच्या काठी गुलामांकडून कसून घेतलेली अफाट शेती होती, आणि पूर्वेच्या-दक्षिणेच्या मांडलिक मुलखांतून गाड्यांच्या रांगा यायच्या. सारुमानकडे काय होतं? एक दरी, भट्ट्या, तोडलेलं जंगल, आणि पार शायरपासून (हॉबिटांचा मुलूख) विकत आणलेला माल. त्यातही रोहनच्या हेल्म्स डीप या किल्ल्यावर त्याने जवळजवळ सगळी फौज काढली. घरी कोण उरलं? म्हणून तर एंट (जंगलाचे झाडासारखे राखणदार) आत शिरले. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्याआधी कित्येक आठवडे रसद तुटली होती, बुणग्यांसकट सगळं लष्कर उपाशी होतं. नुसते भाले मोजून पानिपत कळतं का?

आता राग. ठाण्यातल्या एका दिवाळी अंकाच्या कचेरीने (नाव घेत नाही, त्यात पडायचं नाही) माझ्याकडून याच विषयावर लेख मागवला. मी रसदेवर लिहिला. निरोप आला, 'एवढं कोण वाचतंय, एक तक्ता द्या, खाली विजेता लिहा.' तक्ता दिला, पण प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठला ते लिहिलं होतं : पुस्तक, सिनेमा की लेखकाचे जुने मसुदे. छापताना त्यांनी ते 'कुठला' उडवलं. फोन केला तर संपादक जेवायला गेलेले, दुसऱ्यांदा केला तर अंक छापखान्यात. परिणाम? मॉर्गोथच्या (सौरॉनचा जुना धनी) रकान्यात बॅलरॉग (आगीचे राक्षस) शेकड्यांनी. जुन्या मसुद्यांत ते तसे आहेतच, पण टोल्किनने नंतर स्वतः टिपून ठेवलंय की ते तीन, फार तर सात असावेत. वाचकांची खरमरीत पत्रं मात्र माझ्या नावाने आली. दुरुस्ती छापायला 'पुढच्या दिवाळीत बघू'. मानधनाचं तर विचारूच नका.

असो. मी काही अभ्यासक नाही, हौशी वाचक आहे, आणि तुमच्या कट्ट्यावर कोणी माझ्याहून जास्त वाचलेलं असेल तर त्याचं ऐका. पण माझं मत विचाराल तर सारुमान महिनाभरही टिकला नसता. त्याच्या उरुकांची शिस्त चांगली होती, हे मान्य. मेरी आणि त्याचा मित्र पिपिन यांना पळवून नेताना उरुकांचा म्होरक्या उग्लुक त्या मॉर्डोरच्या ऑर्क ग्रिश्नाखला कसा गप्प करतो ते बघा. पण तुकडी चांगली असणं वेगळं आणि फौज पुन्हा उभी करता येणं वेगळं. सौरॉनही काही अजिंक्य नव्हता बरं का. दुसऱ्या युगात, म्हणजे या कथेच्या कितीतरी आधी, न्यूमेनॉर बेटावरच्या माणसांची सेना उतरली तेव्हा त्याचेच लोक त्याला सोडून पळाले आणि तो मुकाट शरण गेला. हा मुद्दा कोणीच काढत नाही, तुम्ही काढा.

मॉर्गोथला या चर्चेत आणू नका, सगळा वेळ तोच खाईल. आणि नकाशा मोबाईलवर दाखवू नका, मागच्या रांगेला काही दिसत नाही. मोठ्या कागदावर छापून न्या, नुर्नेन त्यात आलंय ना ते दुकानातून निघण्याआधी बघा.