टीव्ही कुठूनही घ्या, पण बिल स्वतःच्याच नावावर करा

तुमची पोस्ट वाचली. 55 इंची टीव्हीचे बार्शीतलं दुकान 51,500 सांगतंय, तोच ऑनलाईन 46,990 ला दिसतोय, साडेचार हजारांसाठी वॉरंटीची कटकट मागे लावून घ्यायची का, एवढंच तुम्ही विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्यावर सांगणारे शंभर जण आहेत. पण शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की मावसभावाच्या फर्मच्या नावावर बिल केलं तर जीएसटीचे सात हजार सुटतात, तो पण विचार चालू आहे. ते वाचलं आणि राहवलं नाही. हेच मी केलंय. शब्दाला शब्द हेच.

आधीच सांगतो, मी वकील नाही, सीए नाही, टीव्ही मेकॅनिक तर नाहीच. फलटणला राहतो, नोकरी करतो, आणि एका टीव्हीच्या नादात जे शिकलो ते लिहितोय. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही, कारण चूक निम्मी माझी होती आणि उरलेली निम्मी कुठल्याही कंपनीत झाली असती.

2022 ची दिवाळी. 55 इंची, सेलमध्ये 58,000, इथल्या दुकानात 61,000. तेव्हा 32 इंचाच्या वरच्या टीव्हीवर 28 टक्के जीएसटी होता (आता 22 सप्टेंबर 2025 पासून 18 झालाय, म्हणून तुमचा हिशोब सात हजारांवर आलाय, माझा मोठा होता). आमच्या दाजींचं मेडिकल आहे. ते म्हणाले, अहो बिल माझ्या दुकानाच्या नावाने करा, मला क्रेडिट मिळतं (धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर भरलेला जीएसटी दुकानाला आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो, ते), ते पैसे तुम्हाला देतो. 58,000 मधला जीएसटी 12,687 रुपये. आकडा अजून पाठ आहे. म्हणजे टीव्ही पडला 45,300 ला. दुकानदाराच्या भावापेक्षा पंधरा हजारांच्या वर फरक! मी तर आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरलो, कसा टीव्ही घेतला म्हणून.

आठ महिने मस्त चालला. जून 2023, ओव्हलवर कसोटीचा फायनल, आपल्याला 444 करायचे होते, चौथा दिवस, आणि पडद्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेषा. आधी वाटलं डिशचा प्रॉब्लेम. चॅनल बदललं, रेषा तिथेच. मॅच संपेपर्यंत शेजारी अजून दोन आल्या. मॅचही गेली ते सोडा.

वॉरंटी होती ना, एक वर्ष सगळ्यावर आणि पॅनलवर, म्हणजे पडद्यावर, वरचं एक, त्यामुळे मी निवांत. तक्रार नोंदवली. साताऱ्याहून माणूस आला पाचव्या दिवशी. मुलगा चांगला होता, त्याला दोष नाही. त्याने टीव्हीचे फोटो काढले, मागचा सीरियल नंबर काढला आणि म्हणाला बिल दाखवा. दाखवलं. त्याने बिलावरचं नाव वाचलं, वर जीएसटी नंबर वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, हे तर मेडिकलचं आहे. कमर्शियल."

आता इथे नीट लक्ष द्या, कारण हे कुणी सांगत नाही. वॉरंटी कार्ड उघडून बारीक अक्षरं वाचा. बहुतेक घरगुती टीव्हींच्या कार्डात लिहिलेलं असतं की ही वॉरंटी घरगुती वापरासाठी. दुकान, हॉटेल, लॉज, ऑफिस इथे लावला तर वॉरंटी नाही, किंवा असली तर फार थोड्या मुदतीची. मी म्हटलं अरे बाबा माझ्या हॉलमध्ये उभा आहेस तू, समोर माझी आई बसलीये, हे मेडिकल दिसतंय का तुला? तो म्हणाला मला दिसतंय सर, पण सिस्टीमला बिल दिसतं.

मग सर्व्हिस सेंटरची वारी. साताऱ्याला एकूण चार खेपा, जाऊन येऊन सव्वाशे किलोमीटर. पहिल्यांदा म्हणाले अर्ज द्या, वर पाठवतो. दुसऱ्यांदा म्हणाले अर्ज वर गेलाय. तिसऱ्यांदा काउंटरवर वेगळीच बाई, तिला अर्जच सापडेना. मधल्या काळात फोनवर मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, सेवेबद्दल अभिप्राय द्या. मी डोक्याला हात लावला. झालं असं होतं की त्या आधीच्या दिवशी एकाने फोन करून "सर व्हिजिट नोंदवायला एक ओटीपी आलाय तेवढा सांगा" म्हणून विचारला होता आणि मी सांगितला. तो तक्रार बंद करायचा ओटीपी होता. तेव्हा हे वेगळं लक्षात ठेवा, काम पूर्ण होऊन टीव्ही डोळ्यासमोर चालू झाल्याशिवाय सर्व्हिसवाल्याला ओटीपी द्यायचा नाही, तो कितीही गोड बोलला तरी. एकदा तक्रार बंद झाली की नवीन नंबर पडतो, दिवस पहिल्यापासून मोजतात, आणि त्यांच्या कागदावर तुमची आधीची तक्रार "समाधानकारक" म्हणून निघालेली असते.

चौथ्या खेपेला कोटेशन हातात दिलं. पॅनल, लेबर, टॅक्स सगळं धरून 41,000. पंचेचाळीस हजारांच्या टीव्हीला!

मी चिडून म्हटलं ग्राहक मंचात जातो. (आता आयोग म्हणतात, पण तोंडात मंचच बसलंय.) ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दाजींनी क्रेडिट घेतलंय का? म्हटलं हो, मला पैसेपण दिलेत. ते हसलेच. म्हणाले, फर्मच्या नावावर घेतलं म्हणून तक्रार करताच येत नाही असं नाही, पण धंद्यासाठी घेतलेलं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागेल. आणि क्रेडिट घेतलं म्हणजे दाजींनी सरकारला लिहून दिलंय की टीव्ही धंद्यासाठीच घेतलाय. सरकारला सांगायचं दुकानाचा, कंपनीला सांगायचं घरचा. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

हे ऐकल्यावर मला कळलं की चूक नुसत्या वॉरंटीची नव्हती, मुळात ते पैसे आपले नव्हतेच. घरच्या वापराच्या वस्तूवर ते क्रेडिट घेता येत नाही, कायद्यातच नाही. दाजींच्या सीएला हे कळल्यावर तो त्यांच्यावर जाम उखडला आणि क्रेडिट व्याजासकट परत भरायला लावलं. ते पैसे कुणी दिले असतील? मीच. वर दाजींना काही बोलायची सोय नाही, ते तर चांगुलपणानेच म्हणाले होते. बहिणीने त्या राखीपौर्णिमेला विषय काढला नाही, पण काढला नाही हे मला कळत होतं. तुमचा मावसभाऊ आहे ना, त्याच्या सीएला आधी विचारा म्हणावं, बहुतेक तोच नाही म्हणेल आणि तुमचा प्रश्न तिथेच संपेल.

टीव्हीचं काय झालं, तर टेम्पोत घालून पुण्याला पासोड्या विठोबाजवळ नेला. तिथे एकाने पॅनलचं बाँडिंग, म्हणजे कडेची नाजूक जोडणी पुन्हा चिकटवून, करून दिलं 4,500 मध्ये, गॅरंटी नाही हे आधीच सांगितलं, प्रामाणिक माणूस. गणपतीपर्यंत चालला. गौरी जेवायच्या दिवशी अर्धा पडदा काळा. त्यानंतर वर्ल्डकपच्या आधी इथल्याच डीलरकडून 43 इंची घेतला, भाव ऑनलाईनपेक्षा अडीच हजार जास्त, बिल माझ्या नावावर. पुढच्या वर्षी त्याचा मदरबोर्ड गेला. डीलरकडे गेलो, त्याने माझ्यासमोर कुणाला तरी फोन लावून दोन शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी नवा बोर्ड बसला. एक रुपया नाही.

म्हणून माझं मत, आणि हे मतच आहे, तालुक्याच्या गावात राहत असाल तर दोन-अडीच, फार तर तीन हजार जास्त देऊन गावातल्या डीलरकडून घ्यावा. ते पैसे टीव्हीचे नाहीत, त्या फोनचे आहेत. महिन्याला वीस टीव्ही उचलणाऱ्या माणसाचा फोन सर्व्हिसवाला उचलतो, तुमचा-माझा उचलत नाही. पण डीलर त्या ब्रँडचा अधिकृत पाहिजे, नुसता ओळखीचा असून उपयोग नाही. ओळखीचे तर "काही झालं तर मी आहे ना" म्हणणारेच जास्त असतात आणि काही झालं की गोदामात असतात. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी मात्र बिनधास्त ऑनलाईन घ्या, तिथे सर्व्हिस दारात आहे, किंवा मोठ्या साखळी दुकानांत जाऊन ऑनलाईनचा भाव मोबाईलवर दाखवा, विजय सेल्स, क्रोमासारख्या ठिकाणी दसरा-दिवाळीला बऱ्याचदा कार्डाची ऑफर धरून तिथपर्यंत येतात.

तुमच्या केसमध्ये फरक 4,510 चा आहे, तो मला जरा जास्त वाटतो. दुकानदाराला 49,000 ला आणायचा प्रयत्न करा, आत ब्रॅकेट आणि फिटिंग धरून. पण त्याआधी मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा. कंपन्या ऑनलाईनला एक आणि दुकानाला एक अशी वेगळी सिरीज काढतात, नाव सारखं, पडदा सारखा दिसतो, शेवटची दोन अक्षरं वेगळी आणि आत स्पीकर किंवा पॅनल वेगळं. मग तुम्ही ज्याची तुलना करताय तो "तोच" टीव्ही नसतोच.

ऑनलाईनच घेणार असाल तर सेलर कोण आहे ते बघा आणि घ्यायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून बार्शीच्या पिनकोडला माणूस कुठून येतो ते विचारा. सोलापूरहून येतो म्हणाले तर किती दिवसात तेही विचारा, उत्तर खोटं असेल पण आवाजावरून अंदाज येतो. खोका आला की कंपनीचा माणूस येईपर्यंत उघडू नका असं त्यावर लिहिलेलं असतं, पण सेलच्या दिवसात तो माणूस आठ-दहा दिवस येत नाही आणि तोपर्यंत बदलून द्यायची मुदत संपते. डिलिव्हरीवाल्यासमोरच उघडून चालू करून दाखवायची सोय असेल तर ती घ्या, नसेल तर त्याच दिवशी फिटिंगवाल्याच्या मागे लागा, आणि खोका उघडताना व्हिडिओ काढाच. फुटका पॅनल निघाला तर "फिजिकल डॅमेज" हे दोन शब्द वॉरंटीच्या बाहेर आहेत. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, फिटिंगच्या नाही, हेही डोक्यात असू द्या.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची झाली तर कंपनीची स्वतःचीच घ्या. मधल्या तिसऱ्या कंपनीची स्वस्त पडते, पण काहीतरी झाल्यावर घसारा धरून, म्हणजे टीव्ही जुना झाला म्हणून कापून, किंमत लावतात आणि हातात किरकोळ येतात. सगळेच तसे असतील असं नाही, कागद वाचा. नो कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बँक वेगळा लावते, म्हणजे नो कॉस्ट नाहीच, तेवढा फरक हिशोबात धरा.

हे विषयाला सोडून आहे पण सांगतो. पडद्यावर थेट स्प्रे मारून पुसू नका. ते पाणी खाली ओघळून कडेला आत जातं आणि तिथेच पॅनलची सगळी नाजूक जोडणी असते. पुण्याच्या त्या मेकॅनिकने माझा टीव्ही उघडल्यावर पहिलं हेच विचारलं होतं, घरात कोण पुसतं? आम्ही एकमेकांकडे बघितलं. म्हणजे कदाचित वॉरंटी असती तरी त्यांनी हे कारण काढलंच असतं, सांगता येत नाही. कोरडं मऊ फडकं पुरतं. आणि तुमच्याकडे लाईट खालीवर होत असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या, महागडा स्टॅबिलायझर नंतर.

आणि बिल स्वतःच्या नावावर असताना कुणी वॉरंटी नाकारली तर घाबरू नका. 1915 ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. त्याने नाही झालं तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथल्याच आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आता तक्रार ऑनलाईनही भरता येते. दोन वर्षांच्या आत करायची. माझ्याकडे हे सगळं होतं, फक्त बिलावर नाव नव्हतं.

दोन्हीकडचे मॉडेल नंबर लिहून टाका इथे, शेवटच्या अक्षरांसकट. दुकानात विचारायला जाल तेव्हा खोक्यावरचा फोटोच काढून आणा, तोंडी सांगितलेला नंबर नको.