दादर ज्वारी आफ्रिकेची असं पाकिटावर लिहू का?

प्रश्न: नमस्कार, अमळनेर तालुक्यात आमचं शेत आहे, रब्बीला दादर घेतो. सासूबाई, जाऊबाई आणि मी मिळून बिबडे (ज्वारीचे पापड), कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, नागलीचे म्हणजे नाचणीचे पापड करून विकतो, पुण्या-नाशिकला पण पार्सल जातात. धाकटे दीर नैरोबीला जॉबला आहेत, ते म्हणतात वहिनी, ज्वारी न नागली दोन्ही मुळात इकडच्या, पूर्व आफ्रिकेच्या, पाकिटावर तसं छापा. सासरे जाम चिडले, म्हणे "दादर आपलीच शे!" आणि आता दीर दिवाळीला येताना तिकडच्या ज्वारीचं बियाणं बॅगेतून आणतो म्हणताय. छापावं का, आणि पेरावं का?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर: ताई, छापा. पण बियाणं अजिबात नको, त्यावर आधी बोलते कारण दीर तिकीट काढून बसले असतील.

तिकडच्या ज्वारीला टारफुल्याचा फार त्रास आहे. टारफुला आपल्याकडे पण आहे, ज्वारीच्या मुळांना चिकटून रस ओढणारा, पण तिकडची मोठी जांभळ्या फुलांची जात जास्त दांडगी, ती आपल्या देशात नाहीये. बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आलं की उठतं. दिरांनी कितीही चाळून निवडून आणलं तरी ते डोळ्याला दिसणारच नाही, आणि एकदा लागलं की फक्त तुमचं नाही, शेजारच्यांचंही रान गेलं. आणि केंद्र सरकारच्या २००३ च्या वनस्पती आयात आदेशानुसार परदेशी बियाण्याला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, बॅगेतून आणायची गोष्ट नाही ही. त्यापेक्षा त्यांना सांगा सुट्टीत व्हिक्टोरिया सरोवराकडे एम्बिटाला एक चक्कर मारा. तिकडच्या शेतकऱ्यांकडे ज्वारी-मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाचं वैरणीचं पीक असतं, त्याच्या मुळांमुळे टारफुला दबतो आणि वासाने खोडकिडा पळतो, आणि कडेने नेपियर, म्हणजे किडा तिकडे ओढला जातो. 'इसिपे' नावाच्या संशोधन संस्थेने बसवलेली पद्धत आहे. नेपियर तर आपल्याकडे गाई-म्हशींसाठी लावतातच की, ते पण आफ्रिकेचंच गवत.

आता पाकिटाचं. दीर बरोबर बोलताय. पूर्व सुदानात कसाला शहराच्या आसपास जुन्या खापरांमध्ये ज्वारीच्या भुशाचे ठसे सापडले, इ.स.पूर्व ३५०० ते ३००० च्या दरम्यानचे, त्यावरून कळलं की तिथले लोक तेव्हा ज्वारी माणसाळवत होते, २०१७ मध्ये ते छापून आलं. नागली इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. चटणीला कारळं वापरत असाल तर तेही इथिओपियाचं. हे सगळं समुद्रावरून आपल्याकडे येऊन हजारो वर्षं झाली.

पण सासऱ्यांना पण चुकीचं म्हणू नका हो. ज्वारीचे पाच मुख्य वंश मानतात, त्यातला दुर्रा हा आपल्या रब्बी ज्वारीचा, आणि काही अभ्यासकांचं मत असं की हा वंश घडलाच मुळी भारतात आणि इथून परत आफ्रिकेकडे गेला. म्हणजे दाणा तिकडून आला, आपल्या बायाबाप्यांनी पिढ्यानपिढ्या कणसं निवडून निवडून त्याला काळ्या रानाची सवय लावली, थंडीच्या ओलीवर येणारा केला, आणि कडबा पण असा की जनावर उष्टं टाकत नाही. हे काम आपलंच आहे आणि ते मोठं काम आहे.

मग पाकिटावर दोन्ही लिहा, दोन ओळीत: ज्वारीचं मूळ पूर्व आफ्रिका, ही दादर तापी खोऱ्यातली, आमच्या शेतातली. "आफ्रिकन ज्वारी" असं मात्र मोठ्या अक्षरात नको, गिऱ्हाईकाला वाटेल माल तिकडून आला. आणि खाली तुम्हा तिघींची नावं टाका, सासऱ्यांचं शेत म्हणून त्यांचंही टाका, पण बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घालून पहाटे उठून घाटा शिजवताय तुम्ही, ते गिऱ्हाईकाला कळू द्या. सुदानमधल्या बायका पण ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ किसरा करतात, हे मागच्या बाजूला लिहिलंत तर मला फार आवडेल, वाचणाऱ्यालाही आवडेल.

एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगते. कळण्याचं पीठ महिनाभराचं दळून ठेवू नका. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना तुटते आणि पुण्याची बाई म्हणते तुमची दादरच खराब. ऑर्डर आली की दळा, दळल्याची तारीख ठळक टाका, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेवाल्यांचा) नंबर आणि वजन तर लागतंच. आणि ज्यांना जमतं त्यांना ज्वारी-उडीद प्रमाणात मिसळून नुसता दाणाच पाठवा, चक्की पुण्यातही आहे.