‘मिस्सेला जाते, पण घरी सांगत नाही’

प्रश्न : ताई, मी मूळची वसईची, कॅथलिक. वय ३७, लग्नानंतर ठाण्यात. कॉलेजात असतानाच चर्च सोडलं. कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली), नरक, फादरांचे धाक या सगळ्याची तेव्हा टिंगल करायचे. नवरा हिंदू, लग्न रजिस्टर. गेल्या वर्षी आई गेली. तिच्या आजारपणात गावातल्या बायका रोज संध्याकाळी येऊन उशाशी जपमाळ म्हणायच्या. तेव्हापासून आत काहीतरी हललंय. ऑफिसातून येताना मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये मागे बसते, कधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकते. घरी ‘जिमला जाते’ सांगितलंय. आता भाऊ म्हणतो, बाळाच्या बाप्तिस्म्याला त्याची धर्ममाता (गॉडमदर) हो. मी ढोंगी आहे का?

उत्तर : ती जिमची थाप आधी बंद कर. वजन का उतरत नाही, हे एक दिवस नवरा विचारणारच.

न पटणारं पटल्यासारखं दाखवणं म्हणजे ढोंग. तू तर पटायला लागलेलं लपवते आहेस.

कॉलेजात तू नक्की काय सोडलंस, ते नीट आठव. तुझ्या पत्रात नरक आहे, धाक आहे, ख्रिस्त कुठेच नाही. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीच्या, वर्गात आठ-नऊ वर्षांच्या पोरांना जे शिकवतात, त्यापुढे तुझं धर्मशिक्षण सरकलेलंच दिसत नाही. म्हणून तुझे आक्षेप पोरकट होते असं नाही हं. भीती घालून श्रद्धा रुजवणं तेव्हाही चूक होतं, आजही आहे. ते आक्षेप घेऊनच आत जा. मदर तेरेसांना कित्येक दशकं देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं, हे त्यांच्या पत्रांतून २००७ मध्ये जगजाहीर झालं. तरी २०१६ मध्ये चर्चने त्यांना संत म्हटलंच. शंकांचं चर्चला वावडं असतं, तर हे झालं नसतं.

हे सगळं आईच्या दुःखातून आलंय का? थोडं असेल. बहुतेकांची श्रद्धा कुणाच्या तरी आवाजातूनच आलेली असते.

धर्ममातेला मात्र मी ‘हो म्हण’ असं सांगणार नाही. भावाला तो बहिणीचा मान वाटत असेल, चर्चसाठी ती जबाबदारी आहे. धर्ममाता किमान सोळा वर्षांची, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेली आणि श्रद्धेला धरून जगणारी कॅथलिक हवी. सैतानाचा त्याग आणि देवावरचा विश्वास तिला सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो. शिवाय बिशपांची परवानगी न घेता नुसतं रजिस्टर लग्न केलं असेल, तर चर्चच्या कायद्यात ते लग्न धरतच नाहीत. म्हणजे फादर बहुधा नाही म्हणतील, आणि लग्न नियमित होईपर्यंत तुला मिस्सेतलं ख्रिस्तशरीरही (कम्युनियनचा प्रसाद) घेता यायचं नाही. मिस्सेला बसायला कुणी अडवत नाही.

हे वाचून चिडशील. इतक्या वर्षांचा संसार, आणि लग्नच नाही म्हणे! चिड खुशाल. पण वाट आहे. परवानगी घेऊन लग्न नियमित करता येतं, आणि नवऱ्याने धर्म बदलण्याची अट नाही. तुला मात्र वचन द्यावं लागतं, की मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवायचा मी माझ्या परीने पूर्ण प्रयत्न करीन. त्या वचनाची कल्पना नवऱ्याला द्यावी लागते. गाडी इथे अडणार आहे, धर्ममातेपाशी नव्हे.

फादरांना भेट, पण कुमसारला नको. त्यांच्या ऑफिसात, नुसतं बोलायला. तिथे कुठल्याच कागदावर सही करायची घाई करू नकोस. भावाला सांग, धर्ममाता दुसरी कुणी बघ, आत्या मी आहेच.

तुला मुलं आहेत की नाहीत, हे पत्रात तू लिहिलेलं नाहीस. असतील, तर नवऱ्याचा पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच असेल. त्याचं उत्तर ठरवून मगच बोलायला बस.