अंड्याला टोच पडून रात्र उलटली, पिल्लू अजून बाहेर येत नाही. कवच फोडून मदत करू का?

तुम्ही लिहिलंय की कोंबडीची अंडी उबवायला ठेवल्याचा आज २१वा दिवस आहे, काल रात्री दहाला अंड्याला टोच पडली, म्हणजे पिल्लाने आतून चोचीने भोक पाडलं, सकाळी आठ वाजले तरी भोक तेवढंच आहे, आतून चिवचिव येतेय आणि शेजारची दोन पिल्लं केव्हाच बाहेर पडून वाळलीसुद्धा. दहाच तास झालेत. आत्ता काही करू नका, आणि कृपा करून अंडी उबवायच्या मशीनचं झाकण उघडू नका.

मी नवी मुंबईतल्या घणसोली गावात राहतो. गच्चीवरच्या खोलीत थर्माकोलच्या खोक्याचं, पंखा लावलेलं मशीन आहे, पन्नास अंड्यांचं. पहिल्या खेपेला मीही असाच कासावीस झालो होतो. टोच पडून आठ तास झाले तशी नखाने टवका काढला. दुसऱ्या टवक्याला पापुद्र्यावर लाल रेघ उमटली, मग थेंब, मग थांबेचना. पिल्लू अगदी धडधाकट होतं. संध्याकाळपर्यंत गेलं.

चूक काय झाली ते नंतर कळलं. कवचाच्या आतल्या पापुद्र्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि इतके दिवस पिल्लू त्याच्यातूनच श्वास घेत असतं. १९-२० व्या दिवशी ते जाड बाजूच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि फुप्फुसं सुरू होतात. ती हवा पुरेनाशी झाली की कवचाला टोच मारतं. त्यानंतर १२ ते २४ तास बाहेरून काहीच होताना दिसत नाही, पण त्याच वेळात जाळ्यातलं रक्त अंगात ओढलं जातं आणि उरलेला बलक पोटात जातो. आपल्याला वाटतं अडकलंय, ते आपलं आवरत असतं. आवरून झालं की मग गोल फिरत कवच कापतं आणि तासाभरात टोपी उडवतं.

आता दुसरी बाजू. तिसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो, म्हणून नुसता बघत बसलो. टोच पडून तीस तास झाले, पापुद्रा कागदासारखा कोरडा, पिवळट तपकिरी होऊन पिल्लाच्या अंगाला चिकटला होता, तरी मी आपला नियम पाळतोय! तेही गेलं. कारण मीच होतो. बाहेर आलेली पिल्लं काढायला मी दर दोन तासांनी झाकण उघडत होतो आणि दर वेळी आतली वाफ निघून जात होती. आजी खुडूक कोंबडीच्या टोपलीजवळसुद्धा फिरकू द्यायची नाही, तेव्हा तो तिचा खवटपणा वाटायचा. शेवटचे दिवस कोंबडी स्वतःही अंड्यांवरून हलत नाही.

म्हणून माझा हिशोब आता असा: पापुद्रा पांढरा, ओलसर असेल तर घड्याळ कितीही पुढे जाऊ दे, हात लावायचा नाही. टोच पडून २४ तास उलटले आणि पापुद्रा सुकून तपकिरी पडला, किंवा कापायला लागून मध्येच तासन्‌तास थांबलं, तरच हात घालायचा. टोच निमुळत्या बाजूला पडली असेल तर पिल्लू उलटं आहे. त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा, पण घाई तिथेही नको, रक्त तिथेही असतंच.

करायचंच झालं तर न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ होऊ द्या आणि तिथे करा. इअरबड कोमट पाण्यात बुडवून पापुद्रा भिजवा, चोचीच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका. हवेच्या पोकळीवरचंच कवच, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करत काढा. लाल दिसलं की तिथेच थांबायचं, ओल्या टिश्यूत गुंडाळून मशीनमध्ये परत, दीड-दोन तासांनी पुन्हा बघायचं. डोकं मोकळं झालं की पुरे. पाय झाडून बाहेर पडण्याचं काम त्याचं त्यालाच करू द्या. इतकं करूनही काही वाचत नाहीत, काहींचे पाय फाकलेले निघतात.

पुढच्या खेपेसाठी एक. आपल्याकडे जुलैत हवा आधीच ओलीचिंब असते. तेव्हा पहिले १८ दिवस मशीनमध्ये पाणी ठेवायची गरज मला तरी पडत नाही. अंड्याचं वजन तोवर साधारण ११-१३ टक्के घटायला हवं. नाहीतर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या आत गुदमरतं. ओलावा ६५-७० टक्क्यांवर न्यायचा तो शेवटच्या तीन दिवसांत. आणि मध्ये वीज जाऊन मशीन थंड पडलं असेल तर २२वा दिवसही उशीर समजू नका.

वाळलेली दोघं आत आहेत म्हणून जीव खालीवर करू नका. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. त्यांनी ते अंडं इकडेतिकडे लोळवलं तरी बिघडत नाही. रात्री दहाला २४ तास होतील. तेव्हा काचेतूनच टॉर्च मारून पापुद्र्याचा रंग बघा आणि इथे लिहा, मी जागा असेन.