घाट उतरताना ब्रेकचे पेडल मऊ पडते. मास्टर सिलिंडर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ वर्षे वापरातील छोटी मोटार घेऊन आपण बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याला निघालात, चोर्ला घाट उतरताना ब्रेकचे पेडल मऊ होऊन खोल जाऊ लागले, घाटाखाली बराच वेळ थांबल्यावर ते पूर्ववत झाले, आणि आता गॅरेजमधील मेस्त्री मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) बदलायला सांगत आहेत. हे सारे सांगताना ‘थांबल्यावर पूर्ववत झाले’ हे आपण ओघात लिहून गेला आहात, पण निदानाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मास्टर सिलिंडरचे रबरी सील झिजले असतील, तर ते केवळ गाडी थंड झाल्याने सुधारत नाहीत. माझा पहिला संशय ब्रेक ऑइलवर आहे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्याच्या टाकीचे झाकण घट्ट असले तरी रबरी होजमधून (चाकांकडे ऑइल नेणाऱ्या नळ्यांतून) आणि झाकणाच्या वायुछिद्रातून थोडी आर्द्रता वर्षानुवर्षे आत शिरत राहते, आणि खानापूर, कणकुंबीकडचा पाऊस पाहता आपल्या भागात त्याला निमित्त कमी नाही. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. सलग उतारावर पाय ब्रेकवर राहिला की पॅडची उष्णता कॅलिपरमधील (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातील) ऑइलपर्यंत पोचते, ते उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत न पोचता पेडल मात्र खाली जाते. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि जणू काही झालेच नव्हते असे वाटते. पेडल टणक असूनही गाडी थांबत नसेल, तर तो प्रकार वेगळा. त्यात ऑइल नव्हे, तर पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते.

तरीही मेस्त्रींचा अंदाज पडताळून पाहणे फार सोपे आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातील) निर्वात संपतो, आणि मग एकाच जोराने पाय दाबून अर्धा-एक मिनिट धरून ठेवावा. पाय हळूहळू खाली सरकत राहिला, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील आतल्या आत दाब सोडत आहेत. या दोहोंतील फरक टाकीतील पातळीवरून कळतो: पातळी कमी होत असेल, तर चारही चाकांच्या आतील बाजू, होजचे सांधे आणि मागील ड्रमच्या खालची कडा ओली आहे का ते पाहावे, पातळी कायम असूनही पेडल बसत असेल, तर मेस्त्रींचे म्हणणे खरे. पेडल असे खाली सरकत न राहता केवळ स्पंजासारखे दबून परत येत असेल, तर ऑइलमध्ये हवा आहे. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर, असे होत असेल, तर हँडब्रेक ओढून पुन्हा दाबून पाहावे; त्याने पेडल वर आले, तर मागील ब्रेक शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून दूर गेले आहेत आणि नुसते अ‍ॅडजस्टमेंट करून भागेल. इंजिन सुरू करताच पेडल किंचित खाली जाते, ते मात्र बूस्टर काम करत असल्याचे लक्षण आहे, दोष नव्हे.

आणखी एक गोष्ट जरूर पाहावी. सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न वापरता, थोडी गाडी चालवून थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा, रिमला हात लावू नये. एकच चाक इतरांहून जास्त तापलेले जाणवले, तर त्या कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना अडकल्या आहेत. ते दुरुस्त केल्याखेरीज नवे ऑइल घालूनही घाटात हाच अनुभव पुन्हा येईल.

ऑइल बदलताना टाकीच्या झाकणावर लिहिलेली प्रतच घ्यावी, डबा सीलबंद असावा, आणि उघडून ठेवलेला जुना डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. लहान गाडीला एक लिटर पुरते. जुने काळपट ऑइल टाकीतून पिचकारीने काढून नवे भरावे आणि एकेका चाकाच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढण्याच्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोड्या ऑइलने भरलेल्या बाटलीत बुडवावे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे बहुतेक गाड्यांत मागील डावे चाक सर्वांत लांबचे, म्हणून सुरुवात तिथून होते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील क्रम वेगळा असल्यास तोच पाळावा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावे, ऑइल आले की पुन्हा कसावे, आणि त्यानंतरच पाय उचलावा. उलट झाले तर बाहेरची हवा आत खेचली जाते. नळीतून बुडबुडे थांबून स्वच्छ, फिकट ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवावे. टाकी मात्र क्षणभरही रिकामी होऊ देऊ नये, विशेषतः एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत, कारण त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली की ती काढायला अनेकदा स्कॅनर लागतो.

हे करताना पेडल पार तळापर्यंत दाबू नये, त्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन कधीच जात नाही, तिथे गंज आणि घाण साचलेली असते आणि चांगले सील त्यावर घासून फाटतात. ‘ऑइल बदलले आणि सिलिंडर गेला’ या तक्रारीचे मूळ बरेचदा इथेच असते. ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

यानंतरही पेडल मऊ राहिले, तर जुने होज दाबाखाली फुगतात का ते पाहावे आणि मगच मास्टर सिलिंडरचा खर्च करावा. तोपर्यंत चोर्ला किंवा आंबोली, कोणताच घाट उतरू नये. दुरुस्तीनंतर उतरतानाही वळण येण्याआधीच दुसऱ्या गिअरमध्ये यावे, म्हणजे वेग इंजिन धरून ठेवील आणि ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडता येईल.